चौथऱ्यापर्यंतचा रस्ता

राहुरी स्टेशनवर उतरणाऱ्या परगावच्या माणसांत शिंगणापूरचे भाविक नेहमीच असतात. शनिशिंगणापूर नेवासे तालुक्यात येते, पण रेल्वेने येणाऱ्याला जवळ पडते ते राहुरीच. शिर्डीहून निघालेल्या गाड्याही नगर-मनमाड रस्त्याने राहुरीपर्यंत येतात आणि तिथून सोनईकडे वळतात. या गावातल्या घरांना दारे नसण्याची परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे. देवावर छप्पर नाही, ही तितकीच महत्त्वाची गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. इथे गाभारा नाही, कळस नाही, उंबरा नाही. उघडा चौथरा आहे आणि त्यावर साधारण साडेपाच फूट उंचीची काळी शिळा, ऊन-पाऊस झेलत आणि तेलाने निथळत उभी. पुरुषांनी आंघोळ करून ओलेत्याने चौथऱ्यावर चढावे, शिळेवर तेल घालावे. बायकांनी खालून हात जोडावेत, अशी इथली रीत होती. चारशे वर्षांची परंपरा, असे गावकरी सांगत. अहिल्यानगर जिल्ह्याचे नाव अजून अहमदनगर होते त्या काळात, ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला ही रीत संपली.

ती कशी संपली, हे दोन तऱ्हांनी सांगितले जाते. एका बाजूचे म्हणणे असे, की राज्यघटनेने रूढीवर मात केली. दुसरी बाजू म्हणते, न्यायालयाने लोकांच्या श्रद्धेत हात घातला. बाजू उलट असल्या तरी दोघींचे गृहीत एकच आहे: घटनेतल्या धर्मस्वातंत्र्याच्या कलमांचा अर्थ लावून कोणीतरी इथे निवाडा दिला. प्रत्यक्षात तसे काही घडले नाही. शिंगणापूरच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने कलम २५ आणि २६ यांचा कीस काढला नाही, शनी या देवतेचे स्वरूप तपासले नाही आणि स्त्रियांनी तेल वाहिल्याने धर्माचे मूळ तत्त्व ढळते का, असा प्रश्नही घेतला नाही. साठ वर्षे जुना एक कायदा पुढे होता. तो पाळणार की नाही, एवढेच सरकारला विचारले गेले. माझा दावा असा, की हा आडवाटेने मिळालेला निकाल नव्हता. हीच महाराष्ट्राची स्वतःची वाट होती, १९३० ते १९५६ या काळात पायाखाली घातलेली, आणि व्यक्तीचे हक्क व धर्मस्वातंत्र्य यांच्या वादात ती सर्वोच्च न्यायालयाने पुढे धरलेल्या वाटेपेक्षा अधिक भरवशाची आहे.

या वाटेची सुरुवात नाशिकला झाली. २ मार्च १९३० रोजी अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १९३५ पर्यंत रखडत चालला. दार उघडले नाहीच. पण त्या पाच वर्षांत वादाचा पाया बदलला. दर्शनावाचून अस्पृश्यांचा मोक्ष अडला आहे, असे डॉ. आंबेडकर म्हणत नव्हते. मूर्तिपूजेत आपल्याला रस नाही, हे त्यांनी भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रातही स्पष्ट केले होते. त्यांचा मुद्दा नागरिकत्वाचा होता. जे ठिकाण सर्व हिंदूंचे म्हणवते, तिथे काही हिंदूंना मज्जाव करण्याचा अधिकार कोणाकडून आला? हा प्रश्न शास्त्रीपंडितांच्या सभेत सुटणारा नव्हता, कारण तो शास्त्राचा नव्हताच. पुढे साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी १ ते १० मे १९४७ उपोषण केले. गुरुजींची भाषा भक्तीची होती, आंबेडकरांची हक्काची. स्वभावाने आणि राजकारणाने ही माणसे एकमेकांपासून फार लांब होती, तरी दोघांच्या आग्रहातून निघणारे मागणे एकाच जागी येऊन थांबत होते: सार्वजनिक देवस्थान सर्वांना सारखे खुले हवे. त्याच वर्षी बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांताने हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला आणि घटना आल्यानंतर, १९५६ मध्ये, त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. हिंदू सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाचा अधिकार देणारा हा कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे.

तो जवळून वाचण्यासारखा आहे. पूजास्थान म्हणजे काय, हे सांगताना कायदा देवळाच्या इमारतीवर अडकून बसत नाही. देऊळ म्हणा की आणखी काही म्हणा, मालकी कोणाचीही असो, हिंदू लोक (त्यात जैन, शीख, बौद्धही धरलेले) जिथे सर्वसाधारणपणे प्रार्थनेला जमतात ती जागा पूजास्थान. भिंती नसलेला चौथरा या व्याख्येत सहज बसतो. तिसरे कलम सांगते, की रूढी, वहिवाट, न्यायालयाचा जुना हुकूमनामा किंवा एखादा दस्तऐवज काहीही म्हणत असला, तरी असे ठिकाण हिंदूंच्या सर्व वर्गांना आणि घटकांना खुले राहील. इतर कोणताही हिंदू तिथे ज्या रीतीने आणि ज्या मर्यादेपर्यंत जातो, पूजा करतो, त्याच रीतीने आणि त्याच मर्यादेपर्यंत प्रत्येक हिंदूला जाता येईल. त्याला अडवता येणार नाही, परावृत्तही करता येणार नाही. अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परंपरा चारशे वर्षांची की चाळीस वर्षांची, हा वाद या कलमाने एका फटक्यात निरर्थक ठरवला. रूढी खरी असली, जुनी असली, लोकमान्य असली तरी ती चालणार नाही, हे कायद्याने आधीच सांगून ठेवले आहे. देवाच्या मनात काय आहे, हे विचारण्याची त्याला गरज पडत नाही. समोरच्या दुसऱ्या माणसाला काय मिळते, एवढेच तो पाहतो.

या कायद्याची घटनेच्या कसोटीवर परीक्षा झाली ती अहमदाबादेतल्या एका दाव्यात. स्वामीनारायण पंथाच्या अनुयायांनी १९४८ च्या जानेवारीत दावा लावला. आमचा पंथ हिंदू धर्मापासून वेगळा आहे, तेव्हा मंदिरप्रवेशाचा कायदा आमच्या मंदिरांना लागू नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रवेशाचा आग्रह धरणारे दलित कार्यकर्ते मूळदास वैश्य हे प्रतिवादी. खालच्या न्यायालयात पंथ जिंकला, उच्च न्यायालयात हरला. मध्येच १९४७ चा कायदा जाऊन १९५६ चा आला. आणि १४ जानेवारी १९६६ रोजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला. पंथ हिंदूच आहे, कायदा लागू आहे. निकालात एक बारकावा असा, की प्रवेशाच्या हक्कातून पुजाऱ्याचे काम करण्याचा हक्क निर्माण होत नाही. जे कोणाही भक्ताला करता येत नाही, ते नव्याने आलेल्यालाही मागता येणार नाही. समान वागणुकीचे हे माप अगदी काटेकोर आहे. पण त्याच निकालपत्रात गजेंद्रगडकरांनी हिंदू धर्म म्हणजे काय यावर पानेच्या पाने लिहिली आणि पंथाच्या अनुयायांची भीती अंधश्रद्धेतून व धर्माच्या खऱ्या शिकवणुकीबद्दलच्या गैरसमजातून आली आहे, असा शेरा मारला. निकालासाठी या शेऱ्याची गरज नव्हती. दावेदारांची श्रद्धा शुद्ध असती तरी कायदा तोच राहिला असता. इतक्या विद्वान न्यायाधीशाला हा मोह आवरला नाही, याची खंत वाटते, कारण सगळा घोळ याच मोहातून वाढला.

सर्वोच्च न्यायालयाची ती दुसरी वाट अशी. १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, हे त्या धर्माच्याच शिकवणुकीवरून ठरवावे. हेतू चांगला होता: सरकारने पूजापाठात लुडबुड करू नये, हिशेब आणि मालमत्ता मात्र तपासावी. पण धर्माच्या शिकवणुकीवरून ठरवायचे, तरी ठरवणार कोण? न्यायालयच. १९६१ मध्ये अजमेर दर्ग्याच्या खटल्यात गजेंद्रगडकरांनीच आणखी पुढे जाऊन सांगितले, की काही धार्मिक प्रथा केवळ अंधश्रद्धेतून उगवलेल्या असू शकतात आणि त्यांना संरक्षण मिळेलच असे नाही. तेव्हापासून न्यायाधीश हळूहळू धर्मशास्त्राचे परीक्षक बनत गेले. केरळमधल्या शबरीमला मंदिराचा २०१८ चा निकाल याच वळणावरचा. चार न्यायाधीशांनी दहा ते पन्नास वयाच्या स्त्रियांवरची बंदी रद्द केली, न्या. इंदू मल्होत्रा यांनी एकटीने विरोधी मत दिले. भक्त नसलेल्याच्या सांगण्यावरून न्यायालयाने श्रद्धेला तर्काची कसोटी लावू नये, असे त्यांचे म्हणणे. स्त्री म्हणून त्या कोणत्या बाजूला उभ्या राहतात, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. त्यांच्या युक्तिवादाचा मुद्दा मात्र गंभीर होता आणि अत्यावश्यक प्रथेच्या कसोटीला तो खरोखर लागू पडतो. न्यायाधीशाने धर्माचा गाभा ठरवायचा असेल, तर तो चुकीचा ठरवला असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक भक्ताला राहतो, आणि त्या भांडणाला शेवट नसतो. फेरविचार याचिका आल्या, २०१९ च्या नोव्हेंबरात तीन विरुद्ध दोन मतांनी मूळ प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले आणि २०२० मध्ये त्यासाठी नऊ न्यायाधीश बसवावे लागले. आश्चर्य म्हणजे त्याच २०१८ च्या निकालात एक सरळ धागाही होता. केरळचा १९६५ चा मंदिरप्रवेश कायदा सर्व वर्गांना आणि घटकांना प्रवेश देतो, स्त्रिया हा असा घटक आहे, म्हणून बंदी घालणारा नियम मूळ कायद्याच्याच विरोधात जातो. एवढे पुरेसे होते. बाकीचे जे लिहिले गेले, त्यावरच वाद पेटला.

आता शिंगणापूरकडे. चौथऱ्याचा प्रश्न २०१६ मध्ये अचानक उपटला नव्हता. २००० च्या सुमारास डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यासाठी सत्याग्रह केला होता, डॉ. श्रीराम लागू त्यांच्या सोबत होते. तेव्हा कडाडून विरोध झाला आणि प्रश्न तसाच पडून राहिला. २८ नोव्हेंबर २०१५ रोजी एक तरुणी चौथऱ्यावर चढून दर्शन घेऊन गेली. देवस्थानाने काही सुरक्षा कर्मचारी निलंबित केले, शिळेला शुद्धीकरणाचा अभिषेक झाला. एका स्त्रीच्या दोन-चार पावलांनी दगड बाटला आणि तो धुऊन घ्यावा लागला. काळारामाच्या दारात पंचाऐंशी वर्षांपूर्वी ऐकू येणाराच हा विचार होता, माणूस तेवढा बदलला. काही आठवड्यांतच, जानेवारी २०१६ मध्ये, देवस्थानाच्या अध्यक्षपदी प्रथमच एक महिला आल्या, अनिता शेटे. परंपरा चालू राहील, असे त्यांनी सांगितले. देवस्थानाचा कारभार, दानपेटी, नोकरभरती या सगळ्यांवर स्त्रीची सही चालणार होती, चौथऱ्याच्या पायऱ्या तेवढ्या वर्ज्य. २६ जानेवारीला तृप्ती देसाई यांच्या भूमाता ब्रिगेडच्या महिला पुण्याहून निघाल्या आणि पोलिसांनी त्यांना पारनेर तालुक्यात सुप्याला अडवले.

विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांची जनहित याचिका याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात आली. विद्याताईंनी ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकातून बायकांच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे लिहिले-बोलले होते. चौथऱ्यावर चढण्याची हौस म्हणून त्या न्यायालयात गेल्या नव्हत्या. १ एप्रिल २०१६ रोजी मुख्य न्यायमूर्ती डी. एच. वाघेला आणि न्या. एम. एस. सोनक यांच्यापुढे राज्य सरकारने सांगितले, की लिंगभेदाला आमचा विरोध आहे आणि १९५६ च्या कायद्याची अंमलबजावणी आम्ही करू. न्यायालयाने ही हमी नोंदवून याचिका निकाली काढली; कोणाला अडवले गेले तर स्थानिक अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी, असे सांगितले. निकाल म्हणून पाहिला तर किती साधा! दुसऱ्याच दिवशी, २ एप्रिलला, गावकऱ्यांनी महिलांना पुन्हा रोखले आणि पोलिसांनी महिलांनाच तिथून हलवले. कायद्याच्या दृष्टीने गुन्हा अडवणाऱ्यांच्या बाजूने घडत होता.

देवस्थानाने मग चतुर डाव टाकला. चौथरा सगळ्यांनाच बंद: बायकांना बंद, पुरुषांनाही बंद. १९६६ चा निकाल नीट वाचलेल्याला यात कायदेशीर दोष काढता आला नसता. जे कोणालाच मिळत नाही, त्यावर कोणाचाच हक्क उरत नाही. त्र्यंबकेश्वरनेही त्याच महिन्यात गाभाऱ्याबाबत असाच पवित्रा घेतला होता. समतेचा अर्थ सगळ्यांना सारखे देणे असा होतो, तसा सगळ्यांचे सारखे काढून घेणे असाही होऊ शकतो. हा या कायद्याचा खरा कमकुवत दुवा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण शिंगणापुरात जे घडले, त्यातून या दुव्याचे दुसरे टोकही दिसते. पाडव्याला गोदावरी-प्रवरेच्या संगमावरून, प्रवरासंगमहून, कावडीने पाणी आणून शिळेला स्नान घालण्याची गावाची प्रथा आहे. पुरुषांना ही बंदी मान्य नव्हती. शेकडो जण कावडी घेऊन बंदी झुगारून चौथऱ्यावर चढले. आता विश्वस्तांपुढे दोनच गोष्टी उरल्या: पुरुषांनी बंदी मोडली तर चालते आणि बायकांनी मोडली तर चालत नाही, असे उघड म्हणायचे, किंवा चौथरा सर्वांना खुला करायचा. त्यांनी त्याच दिवशी तो खुला केला आणि संध्याकाळी महिलांनी वर जाऊन तेल वाहिले. समान बंदीची किंमत जेव्हा स्वतःला मोजावी लागते, तेव्हा रूढीचे रक्षकही ती फार दिवस मोजत नाहीत. बंदी फक्त दुसऱ्यावर असते तोवरच ती टिकते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही उत्तराला पात्र आहेत. पहिला असा, की खुद्द भाविक बायकांनाच चौथऱ्यावर जायचे नव्हते. गावातल्या कितीतरी स्त्रिया मोर्चाच्या विरोधात उभ्या होत्या. ते खरे आहे आणि त्यांच्या श्रद्धेची टवाळी करण्याचे कारण नाही. पण कायदा कोणाला वर जायला भाग पाडत नाही. खालून नमस्कार करणारी स्त्री आजही तसाच नमस्कार करू शकते. शंभर बायकांनी स्वतःसाठी घातलेली मर्यादा एकशे एकाव्या बाईवर कोणी लादावी, एवढाच प्रश्न आहे, आणि व्यक्तीचा हक्क मोजणीने ठरत नसतो. दुसरा आक्षेप कायद्याच्या हेतूचा. १९५६ चा कायदा जातीसाठी होता, वर्ग आणि घटक यांची व्याख्या जाती, पोटजाती, पंथ अशी आहे. त्यात स्त्रियांना बसवणे म्हणजे ओढाताण. हा आक्षेप कायदेपंडिताला शोभणारा आहे. परंतु व्याख्येत कोणताही विभाग, उपविभाग असेही शब्द आहेत, आणि कलमाचा उत्तरार्ध तर प्रत्येक हिंदूची तुलना दुसऱ्या प्रत्येक हिंदूशी करतो. दलित स्त्रीला दलित पुरुषाबरोबर पायरीपर्यंत येऊ द्यावे आणि मग पायरीवर थांबवावे, हे त्या उत्तरार्धातून कसे निघेल? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे १९५६ मध्ये शिंगणापूर नसेल, पण त्यांनी लिहिलेले शब्द शिंगणापूरला पुरून उरले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: हा कायदा फक्त हिंदूंच्या ठिकाणांना लागू आहे. २०१६ मध्येच मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात स्त्रियांनी मजारीपर्यंत जाण्याचा प्रश्न निकालाला आला, तेव्हा याचिकाकर्त्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमण यांना असा कायदा हाताशी नव्हता. २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. रेवती मोहिते डेरे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण त्यासाठी घटनेची १४, १५, २५ आणि २६ ही कलमे पालथी घालावी लागली आणि बंदी इस्लामचा अत्यावश्यक भाग आहे का, हेही तपासावे लागले. तरीही त्या निकालपत्रातला सर्वांत भक्कम भाग पुन्हा तोच निघतो: दर्गा हा सार्वजनिक न्यास आहे, तिथे जात-धर्म न विचारता सर्वांना प्रवेश आहे, मग स्त्रीला मजारीपाशी थांबवता येणार नाही. म्हणजे धर्म कोणताही असो, उत्तर सार्वजनिकपणातच सापडते. मुंबई राज्याने १९५० मध्येच सार्वजनिक न्यासांचा कायदा करून सर्व धर्मांच्या देवस्थानांना धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आणले आहे. त्या आधारावर, हिंदू-मुसलमान असा भेद न करता, नोंदणीकृत प्रत्येक सार्वजनिक पूजास्थानाला समान प्रवेशाचे १९५६ चेच माप लावणारा कायदा राज्याला करता येण्यासारखा आहे. कलम २६ मधला पंथांचा अधिकार त्याला आव्हान देईल, हे नक्की. बोहरा समाजाच्या खटल्यात बहिष्कारबंदीचा मुंबईचाच १९४९ चा कायदा १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला होता. पण सरन्यायाधीश भु. प्र. सिन्हा यांचे त्यातले एकट्याचे विरोधी मत आज अधिक पटते, आणि २०२३ मध्ये तो जुना निकालही नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे फेरविचारासाठी धाडला गेला. त्या पीठाने धर्माचा गाभा शोधण्याचे काम पुन्हा अंगावर घेतले, तर राहुरीहून वळणारा सोपा रस्ता सोडून आपण परत शास्त्रार्थाच्या आडरानात शिरू.